दुष्काळातलं बाळसं

सिंधुच्या पत्राला केरबा सोनकांबळे यांनी उत्तर दिलं नव्हतं. संक्रांतीनंतर आलेलं पत्र होळी उलटली तरी टेबलावर जाड शब्दकोशाखाली पडून होतं. उत्तर लिहायला ते बसले नव्हते असं नाही. 'चि. सिंधुस' एवढं लिहून झालं की पुढचं वाक्य त्यांना खोटं वाटू लागे.

सिंधु त्यांची जुनी विद्यार्थिनी. आता कंधारला शाळेत शिक्षिका होती. तिनं लिहिलं होतं: 'सर, कारणाशिवाय काही घडत नाही असं तुम्ही वर्गात सांगायचे. आईच्या गुडघ्यांसाठी आमच्या गावच्या मठाचा अंगारा वर्षभर चालू होता. मला ते पटत नव्हतं. सुट्टीत गेले तेव्हा मी सगळ्या पुड्या चुलीत टाकल्या. आठवड्याच्या आत आई गेली. गाव म्हणतं, देवीनं नेली. भाऊ म्हणतो, तू मारलीस, मठात येऊन नाक घास, तरच माहेर उघडं. मी मारलं की देवीनं? या दोन्हींखेरीज तिसरं उत्तर असेल तर कळवा.'

तिसरं उत्तर केरबांना अंधुक दिसत होतं. पण त्या तिसऱ्या उत्तराच्या पोटात पहिलं उत्तर दडलेलं होतं. म्हणून पेन थांबत होता.

केरबा नांदेडच्या एका कॉलेजात जन्मभर प्राणिशास्त्र शिकवत होते. पोरं त्यांना 'ग्रंथी सर' म्हणायची. त्यांचा संशोधनाचा विषय ग्रंथींचा होता आणि नाक कायम ग्रंथात खुपसलेलं असे. बहात्तरच्या दुष्काळात बाजारात आलेल्या हाडकुळ्या शेळ्यांच्या गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथी आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी खाटकांकडून मागून आणून त्यांनी पातळ काप काढले होते. उपासमारीत कोणती ग्रंथी फुगते, कोणती सुकते, आणि का, यावर प्रबंध लिहिला होता. परीक्षकांपैकी एकानं एक शंका काढली. दुसरा कोणी असता तर त्यानं तिचं निरसन करून पदवी घेतली असती. केरबांना शंकाच खरी वाटली. प्रबंध ट्रंकेत गेला तो गेलाच. पुढे पत्नी गेली, निवृत्ती आली, आणि घरात माणसाचा आवाज फक्त रेडिओचा उरला.

वैशाखात शेजारच्या गुणाबाई माहेरहून परतल्या, तेव्हा केरबांनी त्यांना ओळखलंच नाही. चेहरा पुरीसारखा टम्म फुगलेला, गाल लालबुंद.

"अंगाराय सर, गव्हाळवाडीचा!" त्या म्हणाल्या. "समदा मुलूख वाळून राहिला, अन् आमाला देवीचं बाळसं आलं!"

गव्हाळवाडी म्हणजे सिंधुचं गाव, लातूरजवळच्या मुरुडच्या पुढे. दुसऱ्या दिवशी केरबा एसटीत बसले. पत्राला उत्तर लिहिण्यापेक्षा त्यांना एवढा प्रवास सोपा वाटला.

*

लातूर नवा जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. कचेऱ्यांच्या पाट्या अजून कोऱ्या होत्या, जीपगाड्या वाढल्या होत्या. पाऊस मात्र लागोपाठ दगा देत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना करपलेली रानं. पण गव्हाळवाडीच्या फाट्यावर जत्रा भरल्यासारखी माणसं होती. बैलगाड्या, टेंपो, खाटेवर घालून आणलेले म्हातारे. मठासमोर पत्र्याचा मांडव आणि मांडवात उंच चौरंगावर बाबा. लोकांनी त्याला नाव ठेवलं होतं बाळसेबाबा.

"लेकरांनो!" बाबाचा आवाज कर्ण्यातून घुमला. "सरकारनं तुमाला काय दिलं?"

"जिल्हा!" गर्दी ओरडली.

"जिल्ह्यानं काय दिलं?"

"टँकर!"

"टँकरनं काय दिलं?"

"रांग!"

"आन् माझ्या आईनं काय दिलं?"

"बाळसं!" असा गजर झाला की पत्रा थरथरला.

"आईच्या अंगावर पिणारं लेकरू पैल्यांदा कुठं भरतं? गालात! तुमी समदी आता देवीच्या अंगावर पिऊन राहिले. म्हून गाल भरले. पन ध्यानात ठिवा, ज्यानं मधेच तोंड काढलं, त्याला आई परत पदराखाली घेत न्हाई. पार्वतीबाईचं काय झालं?"

बायकांनी कानाला हात लावले. पार्वतीबाई म्हणजे सिंधुची आई. इथं रोज त्या मुलीच्या नावानं हे असं चालत होतं तर.

ते खांबाला टेकून माणसं न्याहाळू लागले. चेहरे गोल, तुकतुकीत. पण त्याच माणसांचे दंड काडीसारखे. मानेमागे चरबीचा उंचवटा. बांगडी घासली तिथं काळेनिळे डाग. पुस्तकातली चित्रं उठून मांडवात येऊन बसावीत तसं ते दिसत होतं.

"काय बगून राहिले मास्तर?" शेजारच्या म्हातारीनं विचारलं. त्यांच्या चष्म्यावरूनच तिनं त्यांना मास्तर ठरवलं होतं. ही सरजाबाई. "गाल बगा माझे. लगीन झालं तवा बी असे नव्हते!"

"आणि पाय?" केरबांनी हळूच विचारलं.

सरजाबाईनं लुगडं जरासं वर करून स्वतःच्या वाळक्या पोटऱ्यांकडे पाहिलं. "पायांचं काय की. पाय देवीनं अजून बगितले न्हाईत वाटतं."

केरबा अंगाऱ्याच्या रांगेत उभे राहिले. पुड्या वाटणाऱ्या चेल्यानं विचारलं, "पाव्हणं, कोन गावचे?"

"बिलोलीकडचा."

"आडनाव?"

"सोनकांबळे."

चेल्याचा पुढे आलेला हात किंचित वर गेला. पुडी वरूनच केरबांच्या ओंजळीत पडली. केरबांनी ती शांतपणे खिशात ठेवली. असल्या वरून पडणाऱ्या गोष्टी झेलायची त्यांना लहानपणापासून सवय होती.

परतताना टँकरच्या रांगेजवळ ते थबकले. एक बाई सांडलेलं पाणी लहानशा पत्र्याच्या डब्यानं घागरीत भरत होती. डब्यावरचा कागद खरवडलेला होता, तरी 'गोळ्या, एक हजार' एवढी अक्षरं शिल्लक होती.

"डबा कुठला, ताई?"

"मठामागं ढीग हाय की. बाबा फेकून देतो. पान्याला बेस होतो."

*

लातूरच्या सरकारी दवाखान्यात डॉ. भीमाशंकर बिरादार होता. उदगीरकडचा, केरबांचाच विद्यार्थी. मोठ्यानं हसणारा, मोठ्यानं चिडणारा. केरबांनी त्याच्यासमोर पुडी ठेवली आणि नेहमीसारखं चाचरत म्हणाले, "माझं चुकत असेल. मी काही डॉक्टर नाही. पण ते बाळसं नाही रे. यात स्टेरॉईडच्या गोळ्या कुटून घातल्या असाव्यात."

दवाखान्याच्या मागच्या खोलीत केरबांनी अंगारा स्पिरिटमध्ये ढवळला, टीपकागदातून गाळला. राख कागदावर राहिली. खाली उतरलेलं स्पिरिट बशीत उडून गेलं आणि तळाशी पांढरा थर उरला. त्यावर गंधकाच्या तीव्र आम्लाचे थेंब टाकले. हळूहळू रंग चढला, गडद लाल. मेडिकल दुकानातून आणलेल्या गोळीचंही तेच झालं. चुलीतल्या राखेचं काहीच झालं नाही.

भीमाशंकरनं टेबलावर थाप मारली. "सर, जीप काढतो! उद्याच जाऊ, मठातला सगळा अंगारा नाल्यात फेकून देऊ!"

"नाही!" केरबा ओरडले. स्वतःचा एवढा मोठा आवाज त्यांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. ते ओशाळले. "म्हणजे, तसं केलंस तर औषध एकदम तुटेल आणि आठवड्यात निम्मं गाव पार्वतीबाईंच्या वाटेनं जाईल. आणि मग बाबा म्हणेल, बघा, देवी कोपली."

भीमाशंकरनं जीभ चावली. डॉक्टर असून रागाच्या भरात तो हे विसरला होता.

"आधी गोळ्यांची सोय कर," केरबा म्हणाले. "किती द्यायच्या, कशा उतरवायच्या, ते तुझं काम. प्रत्येकाला पुरतील एवढ्या गोळ्या हातात आल्या की मगच बाबाला हात लावायचा."

"आणि लोकांना सांगणार कोण?"

"तू."

"माझं कोण ऐकतंय? मी सरकारी माणूस. नसबंदीवाला आला म्हणतील."

*

गोळ्या जमल्या तेव्हा दोघं टँकरच्या दिवशी गव्हाळवाडीला गेले. मठात कोणी उभं राहू दिलं नसतं. टँकरच्या रांगेतून मात्र कोणी हलत नाही. घागरी, कळश्या, डबे यांची ओळ चावडीपासून वेशीपर्यंत गेली होती. केरबांनी चहाच्या हॉटेलातलं बाकडं मागून घेतलं आणि त्यावर तीन बश्या मांडल्या.

"खेळ हाय काय?" कोणीतरी विचारलं.

केरबा बोलू लागले. पहिली दोन वाक्यं त्यांच्या मिशीतच विरली.

"मास्तर, मोट्यानं बोला की!" सरजाबाई ओरडली. "जेवले न्हाईत का?"

लोक हसले. त्या हसण्यानंच केरबांना धीर आला. वर्गातही पोरं अशीच हसायची. त्यांनी सरजाबाईकडे तिच्या चुलीतली राख मागितली आणि तिच्याच कनवटीची अंगाऱ्याची पुडी मागितली.

"माझा अंगारा कामून?"

"चिमूटभरच. बाकीचा परत देतो. फेकायचा नाही."

राख आणि अंगारा दोन्ही स्पिरिटमध्ये ढवळून त्यांनी गाळून घेतले. उन्हात बश्या भराभर कोरड्या झाल्या. तिसरी बशी त्यांनी रुमालाखाली झाकून ठेवली. आम्लाची बाटली काढताना त्यांनी सगळ्यांना मागे सारलं. पहिल्या बशीत थेंब पडले. काही नाही. दुसऱ्या बशीत पडले.

"काय बी होत न्हाई," गर्दीतून एक जाडसर आवाज आला. तो व्यंकट, सिंधुचा भाऊ. दम्यासाठी तोही अंगारा घेत होता. त्याचाही चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा होता. "सिंधुनं धाडलं का तुमाला?"

केरबा उत्तर देणार तेवढ्यात कोणीतरी किंचाळलं. दुसरी बशी लाल होऊ लागली होती. आधी फिकट, मग दाट, मग कुंकवासारखी.

तेवढ्यात चेल्यांनी बोलावून आणलेला बाबा गर्दी फोडत पुढे आला. त्यानं बशीकडे पाहिलं आणि क्षणात दोन्ही हात वर केले. "बगा! बगा लेकरांनो! नास्तिकानं आईला आम्लात घातलं, आन् आईनं रगत दाखिवलं! माझ्या अंगाऱ्यात आईचं रगत हाय!"

धडाधड माणसं जमिनीला टेकली. दोन-चार बायका घुमू लागल्या. भीमाशंकरनं कपाळाला हात लावला. बाबा केरबांकडे पाहून हसला.

केरबांनी तिसऱ्या बशीवरचा रुमाल काढला.

"ही गोळी," त्यांनी खिशातून पाकीट काढून सगळ्यांना दाखवलं, "लातूरच्या मेडिकल दुकानातली आहे. तुमच्या मठाचं तोंड हिनं पाहिलेलं नाही. तिचीही अशीच पांढरी भुकटी करून ठेवली आहे." आणि थेंब टाकले.

लोक गुडघ्यांवरच थांबले. बशी फिकट झाली, दाट झाली, कुंकवासारखी झाली.

"अगं माय," सरजाबाई म्हणाली, "देवी मेडिकलात बी हाय?"

हशा पिकला. आधी मागून, मग सगळीकडून. बाबा काहीतरी ओरडत होता, पण हसणाऱ्या माणसांना कोप दाखवता येत नाही. मठामागच्या डब्यांत हीच गोळी येते, हे सांगायची गरजच पडली नाही. बायका आपापल्या हातातल्या डब्यांकडे पाहू लागल्या होत्या.

"मग गुण कसा येतो?" व्यंकटनं ओरडून विचारलं. "माझा दमा बसला, ते खोटं हाय का?"

"खरं आहे," केरबा म्हणाले. "औषध खरं आहे. चोरून दिलं, मोजमाप न करता दिलं, हा गुन्हा आहे. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. ताप, उपास, दुखणं, भीती यांत माणसाला उभं ठेवणारा रस त्या करतात. तोच रस बाहेरून मिळू लागला की त्या आळसावतात. चेहरा सुजतो, हातपाय वाळतात. त्याला तुम्ही बाळसं म्हणता. गावात टँकर यायच्या आधी पाणी कुठलं होतं?"

"आडाचं."

"आडातला गाळ शेवटी कधी काढला?"

"टँकर आल्यापासून न्हाई काढला," एक जण म्हणाला.

"मग आज एकदम टँकर बंद केला तर?"

"मरतोय की!"

"तसंच. अंगारा हा टँकर आहे. तुमच्या ग्रंथीत गाळ साचलाय. अंगारा आजच्या आज फेकलात तर जिवावर बेतेल. डॉक्टर गोळ्या देतील, त्या हळूहळू कमी करतील, तोवर तुमचा आड पुन्हा झरेल. कोणाचा महिन्यात, कोणाचा वर्षात."

त्यांचं बोलणं संपलं तेव्हा टँकर आला होता. तरी पहिल्यांदाच पाण्याकडे कोणी धावलं नव्हतं, रांग तशीच उभी होती.

*

दुसऱ्या दिवशी गावात बाबाही नव्हता आणि त्याची जीपही. चावडीत भीमाशंकरचं टेबल लागलं, लोक पुड्या घेऊन येऊ लागले. व्यंकट आला नाही. फसवलं गेल्याचा राग त्यानं पुड्यांवर काढला. सगळ्या चुलीत घातल्या आणि गोळीलाही नाही म्हणाला. तीन-चार दिवसांनी त्याला खाटेवर घालून आणलं. वांत्या, गार घाम, हाताला न लागणारी नाडी.

"आईचं बी असंच झालं होतं," त्याची बायको रडत म्हणाली.

भीमाशंकरनं सलाईन लावलं, शिरेतून इंजेक्शन दिलं. केरबा दाराशी उभे होते. दुपार कलली तसे व्यंकटचे डोळे उघडले. संध्याकाळी तो उठून बसला आणि त्यानं चहा मागितला.

केरबांना आनंद व्हायला हवा होता. पण त्यांच्या मनात एकच होतं. एक सुई. पार्वतीबाईंना एवढंच लागलं असतं.

चहा पिऊन व्यंकटनं कप खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला, "म्हंजे मास्तर, फेकल्यानंच गेली की आई. सिंधुनंच..."

त्याचं बोलणं पुरं झालं नाही, पण केरबांना ते पुरतं ऐकू आलं. देवी गेली होती, दोष तिथंच होता. फक्त आता त्याला शास्त्राचा आधार मिळाला होता, आणि तो आधार त्यांनीच पुरवला होता. गावाचं हे अर्धं सत्य एखाद्या एसटीनं कंधारला पोचायच्या आत उरलेलं अर्धं पोचायला हवं होतं.

"व्यंकट," ते म्हणाले, "तुम्हीही फेकलात. तुम्ही स्वतःला मारत होता का?"

"न्हाई. तुमचं बोलनं मला खरं वाटलं न्हाई."

"तुम्हाला सांगणारं कोणी तरी होतं. तिला तर कोणी सांगितलंही नव्हतं."

व्यंकटनं मान खाली घातली. केरबांनी त्याच्या उत्तराची वाट पाहिली नाही. लातूरला परतून दवाखान्याच्या बाकावर बसून त्यांनी लिहायला घेतलं. आज दुसरं वाक्य अडलं नाही.

'चि. सिंधुस आशीर्वाद. उत्तराला फार उशीर झाला. तिसरं उत्तर आहे, पण ते गोड नाही. अंगाऱ्यात स्टेरॉईड होतं. ते एकदम थांबल्यामुळे तुझ्या आईचं शरीर कोसळलं. हे मी लपवत नाही, कारण हे तुला दुसरीकडून कळेल आणि तेव्हा ते दगडासारखं लागेल. पण मारलं म्हणतात ते कोणाला? ज्याला माहीत होतं आणि ज्यानं लपवलं, त्याला. पुडीत काय आहे हे सांगणारा एक शब्द जरी तिच्यावर असता, तरी तू ती फेकली नसतीस, डॉक्टरकडे नेली असतीस. तू शंका घेतलीस ते बरोबरच होतं. चूक एवढीच की शंका घेणारी तू एकटी होतीस. विचारायला जवळ कोणी नव्हतं, आणि नंतर ज्याला विचारलंस तो मी गप्प बसलो.

'मुलांना हे शिकव. कोणतंही औषध घेताना विचारा, यात काय आहे? उत्तर न देणाऱ्याचं औषध घेऊ नका. आणि चालू असलेलं औषध रागानं टाकू नका, जाणत्याला दाखवून सोडा. श्रद्धेनं घेतलेलं विषही काम करतं आणि अश्रद्धेनं घेतलेलं औषधही. शरीराला फक्त कारण कळतं. नाक घासायला मठात जाऊ नकोस. मठ रिकामा आहे. व्यंकट बरा आहे. तो तुला लिहील की नाही, मला माहीत नाही. मी लिहीन.'

पाकीट चिकटवून ते पोस्टाकडे गेले. पेटी उघडून पोस्टमन पत्रं पिशवीत भरत होता. केरबांच्या हातातलं पाकीट पाहून त्यानं पिशवीचं तोंड धरून ठेवलं.

"टाकायचं का काका? गाडी निघून राहिली."

केरबांनी पत्ता पुन्हा वाचला नाही. पाकीट पिशवीत टाकलं.